पाच मिनिटं वीस सेकंद

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन वर्षांपूर्वी ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला आलेलं मराठी कुटुंब. मुलगी १२ वर्षांची, गावच्या क्लबात स्की रेसिंग करते. गेल्या हिवाळ्यात स्लालममध्ये, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, दोनदा पहिल्या तिघींत आली. ट्रेनर म्हणतायत, चौदाव्या वर्षी हिला स्कीच्या निवासी शाळेत घाला आणि तयारीला आत्तापासून लागा. आई विचारते: रेसरचं आयुष्य नक्की असतं कसं? अभ्यासाचं काय, गुडघ्यांचं काय? आणि पासपोर्ट भारतीय आहे, तर पुढे काय?

मी मूळचा कोल्हापूरचा, पेशाने मेकॅनिकल इंजिनीअर. पहिल्यांदा स्की पायात घातल्या तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि पहिला आठवडा बहुतेक पाठीवरच काढला. पुढे पोरांच्या मागे क्लबात जायला लागलो, ट्रेनरचा कोर्स केला, आणि आता सोळा हिवाळे झाले, टिरोलमधल्याच, म्हणजे तुमच्याच प्रांतातल्या, एका क्लबात १० ते १५ वर्षांच्या मुलांना शिकवतोय, त्यांच्या स्कीही तयार करतोय. थोरली मुलगी आंतरराष्ट्रीय गुणांच्या शर्यतींपर्यंत गेली. त्यामुळे बापाची बाजू माहीत आहे आणि ट्रेनरचीही. या दोघांचं एकमेकांशी नेहमी पटतंच असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी एक दिवस सांगतो, म्हणजे बरंचसं आपोआप कळेल.

नोव्हेंबरातला शनिवार. खाली गावात अजून पानगळ चालू, बर्फाचा पत्ता नाही, म्हणून सराव स्टुबाईच्या ग्लेशियरवर. ४:३० ला अलार्म. मुलगी अर्धवट झोपेत वाटीभर मुसली खाते. व्हॅनमध्ये आठ मुलं, प्रत्येकाच्या दोन-दोन जोड्या स्की आणि मागे गेटच्या, म्हणजे ज्यांना वळसा घालून उतरायचं त्या खांबांचा भारा. बूट मात्र पुढे, हीटरच्या तोंडाशी, कारण रेसिंगचा बूट गारठला की त्याचं प्लास्टिक दगडासारखं होतं आणि पाय आत जाता जात नाही. दहा वर्षांची पोरं बूट घालताना रडतात, हे मी दरवर्षी पाहतो. उजाडता उजाडता गंडोलाने ३००० मीटरच्या आसपास वर. उणे १२, वारा वेगळा. ट्रेनर बॅटरीवरच्या ड्रिलने बर्फाला भोकं पाडतो, मोठी मुलं खांब वाहून आणतात, फिरवून घट्ट करतात. मग सगळे जण स्की आडव्या धरून कोर्सवरून घसरत खाली येतात, म्हणजे वरचा सैल बर्फ निघून जातो आणि खालचा कडक थर उघडा पडतो. याला आमच्याकडे साफसफाईच म्हणतात आणि ती दिवसातून चार-पाच वेळा करावी लागते.

मग एकेक जण निघतो. सरावाचा स्लालम साधारण ३५-४० गेटचा, ४० सेकंदांचा. खाली पोचलं की लिफ्टने परत वर, रांग, जाकीट चढवा, जाकीट काढा, बुटाचे बकल आवळा. दिवस चांगला असेल तर आठ फेऱ्या होतात. साडेअकराला बर्फ मऊ व्हायला लागतो. खांब उपटा, भोकं बुजवा, सगळं खाली वाहा. घरी पोचायला दोन वाजतात. जेवण, तासभर झोप, मग सकाळचा व्हिडिओ बघणं, मग तळघरात जाऊन उद्यासाठी स्की तयार करणं.

आता हिशोब करा. ८ गुणिले ४० म्हणजे ३२० सेकंद. पाच मिनिटं वीस सेकंद! पहाटे साडेचारपासून संध्याकाळी सातपर्यंतच्या दिवसात प्रत्यक्ष रेसिंग एवढंच. सगळी गोम इथे आहे. ती पाच मिनिटं आवडणारी मुलं पैशाला पासरी मिळतात, कारण ती असतातच भन्नाट. प्रश्न उरलेल्या चौदा तासांचा आहे. गारठ्यात उभं राहणं, खांब वाहणं, वाट बघणं, कानस चालवणं, यात जिचं मन रमतं तीच सतराव्या वर्षी अजून खेळात असते. तुमच्या मुलीचे दोन बक्षीस-समारंभ मी बाजूला ठेवतोय, कारण बाराव्या वर्षी त्यांच्यावरून फारसं काही कळत नाही. ते का, हे पुढे सांगतो.

तळघरातली गोष्ट जरा सविस्तर सांगतो. एकतर ती माझ्या आवडीची आहे, आणि दुसरं म्हणजे पालकांना ती कोणी सांगत नाही. स्कीच्या तळाला दोन्ही बाजूंनी पोलादी कड असते. काचेसारख्या कडक बर्फावर तुमचं मूल त्या कडेवर उभं असतं, बाकी कशावर नाही. कडेला दोन कोन द्यायचे असतात. तळाच्या बाजूने अर्धा ते एक अंश, आणि उभ्या बाजूने असा की धारेचा कोन मोठ्यांच्या स्लालमला ८७ अंश राहावा. लहान मुलांना मी ८८ वर ठेवतो. धार फार झाली की स्की बर्फ पकडते आणि सोडत नाही, आणि ती सोडवून घेण्याचं बळ त्या वयात पायात नसतं. स्की वाइसमध्ये आडवी पकडायची, कानस गाईडमध्ये बसवायची आणि टोकापासून शेपटीपर्यंत एका दिशेने, एका दाबाने ओढायची. कान उघडे ठेवायचे. सुरुवातीला आवाज खरखर असा, तुटक येतो. कड सरळ झाली की तो सलग, रेशमी होतो. मग बारीक डायमंडची पट्टी, ओली करून. शेवटी नख कडेवरून हलकेच ओढून बघायचं. नखाचा पांढरा कीस निघाला तर धार झाली. कोल्हापुरात दारावर विळ्यांना धार लावणारा यायचा, तो हेच करायचा.

मग मेण. इस्त्रीला मेणाची वडी टेकवून तळावर थेंब टाकायचे आणि इस्त्री सतत फिरती ठेवायची. एका जागी थांबली तर तळ जळतो आणि स्की कामातून जाते. मेण गार झालं की पट्टीने सगळं खरवडून काढायचं, मग पितळी ब्रश, मग नायलॉनचा. नवीन पालक दरवेळी विचारतात, एवढं लावलं ते खरवडायचं कशाला? काम करतं ते तळाच्या आत मुरलेलं मेण. वर राहिलेला थर उलट ओढतो. पूर्वी यात फ्लोरिनच्या महागड्या पावडरी असत. २०२३-२४ च्या मोसमापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने, म्हणजे एफआयएसने, त्यांच्यावर पूर्ण बंदी आणली, आणि पहिल्याच शर्यतीत, सॉल्डनला, नॉर्वेच्या राग्नहिल्ड मोविंकेलला तपासणीत बाद केलं. क्लबातल्या आम्हा गरीब लोकांना त्या बंदीचा आनंदच झाला.

आमच्या क्लबात बाराव्या वर्षापासून मुलांच्या हातात कानस देतो. काही बाप रात्री बारापर्यंत स्वतः घासत बसतात आणि पोरीला ८७ की ८८ हेही माहीत नसतं. त्या घरात रेसर बाप असतो, पोर नव्हे. (हे मी स्वतःबद्दलही बोलतोय. थोरलीच्या स्कीला पहिली दोन वर्षं मी कुणाला हात लावू दिला नव्हता. तिच्या ट्रेनरने एकदा मला तळघरातून अक्षरशः हाकललं.)

बर्फावरच्या सरावात लोकांना वाटतं सारखे गेट असतील. निम्म्याहून जास्त वेळ गेट नसतातच. एका पायावर उतरायचं, काठ्या न घेता उतरायचं, हात कमरेवर ठेवून लहान लहान वळणं घ्यायची. सगळं एकाच गोष्टीसाठी: वळताना भार बाहेरच्या पायावर राहिला पाहिजे. मनाची ओढ आतल्या बाजूला, उताराच्या पोटाकडे झुकून राहण्याची असते, भीतीने. ती मोडायला वर्षं जातात. दुसरी गोष्ट म्हणजे वळण गेटच्या वरच बरंचसं संपवायचं. गेटपाशी पोचल्यावर वळायला लागलात तर उशीर झाला, आणि तो उशीर पुढच्या प्रत्येक गेटला साठत जातो. खालून बघणाऱ्या पालकाला हे दिसत नाही. त्याला दिसतं की आपली पोर किती जोरात खांब आडवे पाडते. खांबाला हात मारणं ही सर्वांत शेवटची आणि सर्वांत सोपी गोष्ट आहे.

अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनचं उदाहरण मी पालकांच्या सभेत दरवर्षी देतो. तिच्या घरच्यांनी लहानपणी तिला शर्यतींमागे पळवलं नाही, कसबावर भर दिला. शर्यतीचा दिवस म्हणजे लांबचा प्रवास, दोन रन आणि भरपूर उभं राहणं. तेवढ्याच वेळात सरावाला आठ-दहा रन होतात. साधं गणित आहे, पण बक्षिसाचा कप गणितात मावत नाही. ती सतराव्या वर्षी वर्ल्ड कपची, म्हणजे हिवाळाभर चालणाऱ्या मालिकेतली, पहिली शर्यत जिंकली, अठराव्या वर्षी सोची ऑलिंपिकला स्लालमचं सुवर्ण, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये इटलीत सेस्त्रिएरेला वर्ल्ड कपातला शंभरावा विजय.

शर्यतीच्या दिवशीची एक गोष्ट बघायला मुद्दाम वर जा. सुरुवातीच्या आधी कोर्स पाहायला मिळतो, गेटांच्या कडेने हळूहळू घसरत, एकदाच. मग वर स्टार्टपाशी मुली डोळे मिटून उभ्या राहतात आणि हाताचा पंजा नागासारखा डावीकडे-उजवीकडे हलवत मनातल्या मनात अख्खा कोर्स उतरतात. कुठे गेट उताराच्या रेषेत सरळ लावलेत, कुठे टेकाडामागे पुढचं गेट दिसत नाही, सगळं. माझी एक विद्यार्थिनी हे करताना पुटपुटायची, तिच्या आजीला वाटायचं जप करते.

मे ते ऑक्टोबर बर्फाविना. सायकल, स्क्वॉट, उड्या, ट्रॅम्पोलीन, दोरीवर चालणं. इथली पोरं एकचाकी सायकल चालवत शाळेत जातात ती सर्कस म्हणून नाही. मोठ्या वयात ग्लेशियरवरचे उन्हाळी कॅम्प येतात, हिंटरटुक्सला बारा महिने स्की करता येतं. बाराव्या वर्षी मात्र उन्हाळ्यात ग्लेशियरवर नेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. फुटबॉल खेळू दे, पोहू दे, दिवाळी येईपर्यंत बर्फाची आठवण काढू दे. जी मुलं बाराही महिने बर्फावर असतात ती पंधराव्या वर्षी कंटाळलेली मी पाहिली आहेत.

आता ते बक्षिसांचं. यू-१२, यू-१४ या, म्हणजे १२ आणि १४ वर्षांखालच्या, गटांत जिंकतात त्या बहुतेक लवकर वाढलेल्या मुली. सहा महिने आधी उंची वाढली, चार किलो वजन जास्त, की सपाट भागावर स्की आपोआप पुढे सरकते. दोन वर्षांनी बाकीच्या गाठतात, आणि जिने फक्त वजनावर जिंकलं तिच्याकडे तोवर कसब नसतं. याउलट बाराव्या वर्षी तेरावी-चौदावी येणारी, पण प्रत्येक वळण नीट घेणारी काटकुळी पोर दिसली की आम्ही ट्रेनर एकमेकांकडे बघतो.

पुढची पायरी सोळाव्या वर्षी, आणि ती पायरी नाही, भिंत आहे. यू-१६ पर्यंत जायंट स्लालमच्या, म्हणजे गेट लांब लांब असलेल्या वेगवान स्लालमच्या, स्कीच्या कडेची वक्रता किमान १७ मीटर त्रिज्येची असावी लागते. त्रिज्या जितकी मोठी, तितकी स्की सरळ. एफआयएसच्या शर्यतीत उतरल्यावर मुलींसाठी तीच ३० मीटर, लांबी १८८ सेंटीमीटर. म्हणजे स्की आता स्वतःहून वळत नाही, तिला पायाने वाकवावं लागतं. वर कपाळावर शिक्का बसतो गुणांचा. इथे गुण जितके कमी तितकं चांगलं. जगातली अव्वल म्हणजे शून्य, आणि नवखी सुरू होते ९९९ वर. हिशोब असा: विजेतीच्या वेळेपेक्षा तुम्ही किती टक्के मागे, त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणायचं, स्लालमला ७३०. ती १०० सेकंदांत उतरली आणि तुम्ही १०४, तर ०.०४ गुणिले ७३०, म्हणजे २९.२. यात त्या शर्यतीत किती तगड्या मुली होत्या त्यावरून ठरणारी भर पडते. वर्षभरातल्या सर्वोत्तम दोन निकालांची सरासरी म्हणजे तुमची किंमत.

आणि स्टार्टचा क्रम याच गुणांवर. नवख्या मुलीला शंभराच्या आसपासचा बिब, म्हणजे छातीवरचा स्टार्ट नंबर, मिळतो. ती निघेपर्यंत कोर्सला रथाच्या चाकोऱ्यांसारखे खड्डे पडलेले असतात. म्हणजे गुण नाहीत म्हणून मागे, आणि मागे म्हणून गुण नाहीत. थोरलीने पहिल्या मोसमात २२ शर्यतींत ९ वेळा कोर्स पूर्णच केला नाही. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाच्या शंभराव्या भागात २० सेंटीमीटर अंतर जातं, आणि निकाल याच शंभराव्या भागांत लागतात. रात्री गाडीत ती म्हणायची, बाबा, काही बोलू नका. मी न बोलायला शिकलो, हे माझं त्या खेळातलं सर्वांत मोठं यश असेल.

शाळेचं थोडक्यात. टिरोलात स्टाम्सचं स्की जिम्नॅशियम १९६७ पासून आहे, ऑस्ट्रियाच्या कित्येक ऑलिंपिक पदकांचा उगम तिथे आहे. अशा शाळांत वरच्या वर्गांचा अभ्यास चारऐवजी पाच वर्षांत पसरवलेला असतो, हिवाळ्यात मुलं आठवडेच्या आठवडे बाहेर असतात आणि वसंतात राहिलेलं भरून काढतात. माटुरा, म्हणजे इथली बारावी, पूर्ण होते. दर्जा कच्चा नाही. कोल्हापूरकरांना एका वाक्यात सांगायचं तर ही तालीम आहे, फक्त सोबत गणिताचे मास्तरही आहेत. माझे चुलते गंगावेशीतल्या तालमीत राहायचे. पहाटेचं उठणं, जोर-बैठका, वस्तादांचा शब्द, घरच्या जेवणाची आठवण, सगळं मला मुलीच्या वसतिगृहात पुन्हा भेटलं. आणि तालमीसारखंच, तिथून महाराष्ट्र केसरी होणारा एखादाच. बाकीचे दमदार, शिस्तीचे, घोट्या-गुडघ्यांनी जरा दुखरे असे साधे लोक होतात. प्रवेशाला शारीरिक चाचणी आणि बर्फावरची चाचणी असते. चौदाच्या आधी मूल घराबाहेर पाठवायची घाई मी करणार नाही. तुम्ही इन्सब्रुकला राहता, ग्लेशियर पाऊण तासावर आहे. निम्म्या युरोपातली पोरं तुमच्या नशिबाचा हेवा करतील.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट बापांना सुचत नाही, ती माझ्या बायकोने इथे लिहायला सांगितली आहे. एका ट्रेनरने, नाव-गाव सोडा, जेवणाच्या टेबलावर मुलींना "हलकं खा" म्हणून सांगितलं होतं. तीन जणींनी ते मनावर घेतलं. एकीची पाळी पाच महिने बंद. शरीराला खर्चाइतकं अन्न मिळालं नाही की असं होतं आणि हाडं ठिसूळ होतात. स्की रेसिंगमध्ये मुळात वजन कमी असण्याचा फायदाही नाही. शाळा निवडताना जेवणघर बघा, आणि मुलींना पाळीबद्दल ज्यांच्याशी बोलता येईल अशी बाई प्रशिक्षक किंवा फिजिओ आहे का ते विचारा. उणे १५ मध्ये अंगाला चिकटलेला रेसिंग सूट आणि वर एकच संडास, ही अडचण वरवर किरकोळ वाटते, पण मुली त्यापायी सकाळपासून पाणी पीत नाहीत.

आता गुडघे. तुम्ही विचारलंय तर गोड करून सांगत नाही. गुडघ्यातला पुढचा क्रूसाकार लिगामेंट तुटणं हे या खेळात इतकं सामान्य आहे की मोठ्या मुली एकमेकींना विचारतात, डावा की उजवा? माझी मुलगी सतरा वर्षांची असताना, फेब्रुवारीत, जायंट स्लालमच्या सरावात तिची आतली स्की एका खाचेत अडकली. पडणंसुद्धा फार मोठं नव्हतं. मी खाली उभा होतो, पोचलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आवाज आला." दहा दिवसांत शस्त्रक्रिया, मग दहा महिने फिजिओथेरपी. पाय आधी बरा झाला, डोकं नंतर. परतल्यावर पहिल्या आठवड्यात ती प्रत्येक रनला त्याच ठिकाणी, बहुधा तिसऱ्या-चौथ्या गेटला, उभी राहून जायची. शिफ्रिनसारखी बाईसुद्धा नोव्हेंबर २०२४ मध्ये किलिंग्टनला जायंट स्लालममध्ये पडली, पोटाला खोल जखम झाली, आणि परतल्यावर त्या प्रकारात आपल्याला भीती वाटते हे तिने उघडपणे सांगितलं. मी ते मुलीला वाचून दाखवलं होतं. तिला बरं वाटलं, मला जास्त.

वेगाच्या प्रकारांत, म्हणजे सुपर-जी आणि डाउनहिलमध्ये, धोका गुडघ्यापुरता राहत नाही. किट्झब्यूलच्या श्ट्राइफ या डाउनहिलच्या उतारावर माउजफाले नावाच्या उडीपाशी उतार ८५ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चिलीतल्या ला पार्वाला सरावात पडून इटलीचा रेसर मात्तेओ फ्रांझोसो गेला. शर्यतीत दोन्ही बाजूंना जाळ्या असतात. सरावात त्या नेहमी तितक्या नसतात, हे त्या वेळी सगळ्यांनाच बोलावं लागलं. वर्ल्ड कपात वेगाच्या शर्यतींना आता एअरबॅगचं जाकीट सक्तीचं आहे. तुमची मुलगी स्लालमवाली आहे, हा विषय अजून लांब आहे. पण शाळेत सुपर-जीचा पहिला कॅम्प लागेल तेव्हा जाळ्या कुठे कुठे लावणार, असं ट्रेनरला विचारायला लाजू नका. चांगला ट्रेनर या प्रश्नाने चिडत नाही.

भारताचा प्रश्न. एफआयएसचं लायसन्स ज्या देशाचं नागरिकत्व, त्या देशाच्या संघटनेकडून मिळतं. त्यामुळे सोळाव्या वर्षी तिचा पासपोर्ट भारतीय असेल तर ती भारतातर्फेच उतरेल, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्याने हा निर्णय कागदावरचा राहत नाही, घरातला होतो. भारताकडून खेळणं म्हणजे ऑस्ट्रियाच्या संघातल्या मारामारीतून सुटका, पण सोबत संघाची व्हॅन, फिजिओ, स्की तयार करणारा माणूस यांपैकी काहीही गृहीत धरता येत नाही. गुलमर्गच्या आरिफ खानचं बघा. वडिलांचं स्कीच्या सामानाचं दुकान, तिथून तो २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला पोचला, त्या वेळचा भारताचा एकमेव खेळाडू. स्लालमची पात्रता त्याने मिळवली दुबईत, वाळवंटातल्या मॉलमधल्या बर्फावर! जायंट स्लालमला ४५ वा आला, स्लालम पूर्ण झाला नाही. मनालीजवळच्या बुरुआची आंचल ठाकूर २०१८ मध्ये तुर्कस्तानात एर्झुरुमला कांस्यपदक जिंकली, स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. गुलमर्गला डोंगर अप्रतिम आहे. माझा मावसभाऊ फौजेत असताना तिथल्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये स्की शिकला आणि आजही मला ऐकवतो की खरा बर्फ तो. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फच पुरेसा पडला नाही म्हणून तिथली खेलो इंडिया स्पर्धा मार्चपर्यंत ढकलावी लागली. कडक केलेला, रोज मिळणारा, गेट लावता येईल असा उतार मूल घडवतो, आणि तो तुमच्या दारात आहे. इथे घडवा, झेंडा कुठला ते चार वर्षांनी ती स्वतः सांगेल.

खर्चाचे आकडे मी देत नाही, कारण क्लबागणिक बदलतात. एवढंच सांगतो: यू-१४ पासून स्लालमची एक आणि जायंटची एक जोडी, एकेक जोडी काहीशे युरोंची, बूट जवळपास दरवर्षी, कारण पाय वाढतो. "एक नंबर मोठा घेऊ, दोन वर्षं जाईल" हा आपला मराठी हिशोब बुटाच्या बाबतीत कृपा करून लावू नका. ढिल्या बुटात शिकलेली चूक काढायला त्याच्या दुप्पट वर्षं लागतात. स्की जुन्या घेतल्या तरी चालतात, प्रत्येक क्लबात ऑक्टोबरात अदलाबदलीचा बाजार भरतो.

माझी थोरली गुडघ्यानंतर दोन मोसम खेळली, गुण ५० च्या खाली आणले आणि एका एप्रिलमध्ये घरी येऊन म्हणाली, झालं. आता ग्राझला शिकते. नाताळच्या सुट्टीत येते तेव्हा पहाटे साडेचारला मीच उठायच्या आत ती व्हॅनमध्ये बूट हीटरसमोर लावत असते, यू-१० च्या पोरांचे.

शाळेचा निर्णय दोन वर्षांनी घ्या. या हिवाळ्यात फक्त एवढं करा: स्की तिला स्वतः घासू द्या, वाईट झाल्या तरी. सकाळी तिला उठवू नका, अलार्म तिचा तिला लावू द्या. शर्यत रद्द झाल्याचा निरोप आला की तिचा चेहरा बघा, सुटका झाल्यासारखा होतो की पडतो. आणि मार्चमध्ये मला परत लिहा.

तोवर कानस कशी धरायची हे शिकायचं असेल तर तुमच्याही क्लबाचं तळघर आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी उघडं असेल, विचारून बघा. तिला एकटीला पाठवू नका, तुम्हीही जा. मेणाचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत, जुना टी-शर्ट घालून जा.